नोटीस लागल्यापासूनचे एकवीस दिवस

पाळीची वेळ बदलली, पण कागद कुणी दिला नाही. आता कामावर जायचं की नाही? हजेरीचं यंत्र चेहरा ओळखत नाही म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला; तो परत मिळेल का? कंपनी दुसऱ्याने विकत घेतली. जुनी नोकरी धरणार की नव्याने मोजणार? आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी वाचकांना असे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात. विचारणारे कुणी जिनिंगमध्ये असतात, कुणी बस डेपोत, कुणी अंगणवाडीत, कुणी शाळेत. प्रश्न निरनिराळे असले तरी अडचण एकच असते. हा बदल करण्याचा हक्क वरच्यांना आहे का, आणि नसेल तर कुणाकडे, किती दिवसांत जायचं, हे ठाऊक नसतं. मग भांडण भलत्याच माणसाशी होतं.

डिसेंबर २०२३ मधलं उदाहरण घ्या. तेलंगणात नवं सरकार ७ तारखेला आलं आणि ९ तारखेला 'महालक्ष्मी' योजना सुरू झाली. राज्यातल्या स्त्रिया, मुली आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना पल्ले वेलुगू (गावोगावच्या साध्या) आणि एक्सप्रेस बसमधून राज्याच्या हद्दीपर्यंत मोफत प्रवास. बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्या बायकांना त्याचा मोठा आधार झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण वाहकाचं काम त्या एका दिवसात बदललं. प्रत्येकीचं ओळखपत्र पाहायचं, शून्य रकमेचं तिकीट द्यायचं, दाटीतून वाट काढत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचं. आदिलाबादसारख्या सीमेवरच्या डेपोत आणखी एक भर पडली. पैनगंगेपलीकडच्या बाईला सवलत नाही, अलीकडचीला आहे. आणि इथल्या सोयरिकी अशा, की एका बाकावर बसलेल्या दोघी नणंद-भावजय असू शकतात. नियम हैदराबादेत ठरला, तो समजावताना बोलणी मात्र वाहकाने खाल्ली. तिकडे रिक्षाचालकांचा धंदा बसला म्हणून ते राज्यभर रस्त्यावर उतरले.

बदल चांगला असूनही त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. ती कुणी मोजायची हे आधी ठरलेलं नसेल, तर सगळ्यात खालचा माणूस ती मोजतो आणि चिडतो. तुमच्या कामाच्या ठिकाणी बदल आला असेल, तर ही किंमत नेमकी कोणती आणि ती तुमच्यावर का टाकली, हे पहिल्या काही दिवसांत कागदावर आणा. पुढची सगळी लढाई त्या कागदावर उभी राहते.

आधी हे ठरवा: तुमचं नेमकं काय गेलं?

राग आला की सगळंच चुकीचं वाटतं. अर्ज मात्र 'सगळं चुकीचं आहे' असा करता येत नाही. तुमची तक्रार खालीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते पाहा.

- हक्क गेला. पगार, भत्ता, रजा, पीएफ, कामाचे तास किंवा दर्जा यांत घट झाली. इथे कायदा तुमच्या बाजूने बोलू शकतो.
- सोय गेली. जवळची बस चुकते, मुलाला शाळेत सोडता येत नाही, ज्या सोबत्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं त्याच्यापासून वेगळं केलं. इथे कायद्यापेक्षा बोलणी कामाला येतात.
- भीती आहे. नवं यंत्र आलं, आपल्याला जमेल का? पुढच्या हंगामाला बोलावतील का? इथे प्रशिक्षण आणि लेखी आश्वासन मागायचं.

बहुतेक वादांत तिन्ही गोष्टी एकत्र असतात, आणि माणसं भीतीबद्दल बोलायला संकोचतात म्हणून हक्काच्या भाषेत भांडतात. पन्नाशीतला हमाल 'हा इलेक्ट्रॉनिक काटा खोटं माप दाखवतो' म्हणतो तेव्हा काटा तपासाच, पण काटा चालवायला त्याला कुणी शिकवलं का, हेही विचारा.

कोणत्या बदलाआधी नोटीस द्यावीच लागते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० नुसार काही ठरावीक बाबतींत बदल करायचा असेल, तर मालकाने ज्यांच्यावर परिणाम होणार त्या कामगारांना आधी नोटीस द्यायला हवी, आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवस तो बदल अमलात आणता येत नाही. ही तरतूद अगदी नवी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती १९५६ च्या दुरुस्तीपासून कलम ९-अ म्हणून होती.

ठरावीक बाबी संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. साध्या भाषेत त्या अशा:

- मजुरी, ती देण्याची मुदत आणि पद्धत
- पीएफ, पेन्शन यांतला मालकाचा वाटा
- भत्ते
- कामाचे तास आणि मधली सुट्टी
- पगारी रजा आणि सुट्ट्या
- पाळी सुरू करणं, बदलणं, बंद करणं (आस्थापनेच्या स्थायी आदेशांत, म्हणजे मंजूर नोकरीनियमांत, तशी सोय नसेल तर)
- श्रेणीनुसार वर्गवारी
- चालत आलेली सवलत किंवा प्रथा काढून घेणं
- शिस्तीचे नवे नियम
- यंत्र किंवा पद्धत अशी बदलणं, की माणसं कमी करावी लागतील
- कामगारांच्या संख्येत कायमस्वरूपी वाढ किंवा घट

शेवटून दुसरी बाब मराठी माणसाला नवी वाटू नये. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत जो सहा महिन्यांचा संप झाला, त्याच्या मुळाशी हेच होतं. मालकांना दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराकडे द्यायचे होते, आणि उरलेल्या माणसांचं काय, याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

'चालत आलेली सवलत' ही बाबही लक्षात ठेवा. कारखान्याची गाडी गावापर्यंत न्यायला येत असेल, सणाला उचल मिळत असेल, आणि हे वर्षानुवर्षं चालत आलं असेल, तर ते 'मेहेरबानी होती, बंद केली' इतक्यावर संपत नाही.

अपवादही माहीत हवेत. संघटनेशी झालेल्या करारानुसार बदल होत असेल, किंवा सरकारच्या आदेशाने होत असेल, तर ही नोटीस लागत नाही. सरकारी सेवानियम ज्यांना लागू आहेत त्यांनाही ती नाही. तातडीने पाळी बदलायची वेळ आली तर तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून बदल करता येतो.

आणखी एक: 'कामगार' या व्याख्येत व्यवस्थापक बसत नाहीत, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार असलेले पर्यवेक्षकही नाहीत. तुम्ही सुपरवायझर असाल तर नियुक्तिपत्रातल्या अटी हाच तुमचा मुख्य आधार.

'सरकारनेच दहा तास केले' असं सांगितलं तर

तेलंगणा सरकारने जुलै २०२५ मध्ये दुकानं वगळून व्यावसायिक आस्थापनांना दिवसाला दहा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली. पुष्कळ ठिकाणी एवढंच अर्धं वाक्य कामगारांच्या कानावर घातलं जातं. उरलेलं अर्धं असं: आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहिली आहे. दिवसाला दहा तास आणि आठवड्याला सहा दिवस काम घेतलं, तर साठ तास होतात. वरच्या बारा तासांचा ओव्हरटाइम द्यावाच लागतो, तोही मजुरीच्या दुप्पट दराने. तुमच्याकडे कुणी हा आदेश दाखवला, तर तुमची आस्थापना त्यात बसते का आणि आठवड्याचा हिशेब काय होतो, हे दोन प्रश्न विचारा. सरकारी आदेशाचं नाव घेऊन केलेला प्रत्येक बदल सरकारी आदेशातला असतोच असं नाही.

कागद तेलुगूत आला तर

बेला, जैनद, तामसी या भागांत घराघरांत मराठी चालते. उटनूर, नारनूरकडे गोंडी आणि लंबाडी. कामाच्या ठिकाणचा कागद मात्र तेलुगूत किंवा इंग्रजीत येतो. ज्याला वाचता येतं तो एक माणूस वाचतो, बाकीचे त्याच्या तोंडून ऐकतात, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर मूळ आदेशाची तीन रूपं तयार असतात. या जिल्ह्यातले कितीतरी वाद या टप्प्यावरच पेटतात.

सहीची घाई करू नका. 'मला हा मजकूर वाचता येत नाही. मराठीत समजावून सांगावा, प्रत द्यावी' असं त्याच कागदावर मराठीत लिहून मग पोच द्या. कागद मिळाला याची सही आणि मजकूर मान्य असल्याची सही या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुम्ही कोणती करत आहात ते सहीशेजारी लिहा. घरातली शिकती मुलं तेलुगू वाचतात, त्यांची मदत घ्यायला लाजू नका.

भाषेची तक्रार क्षुल्लक मानण्याचंही कारण नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, त्याचं एक कारण निकृष्ट फोन हे होतं आणि दुसरं म्हणजे पोषण ट्रॅकरचं ॲप इंग्रजीत होतं. मुलांचं वजन, उंची, आहार यांची नोंद त्या वर्षानुवर्षं रजिस्टरमध्ये मराठीत करत होत्या. त्यांनी कामाला नकार दिला नव्हता. आपल्या भाषेत काम करू द्या, ही त्यांची मागणी होती, आणि ती न्यायालयापर्यंत गेली.

पहिल्या आठवड्यात करायचं ते

१. तारीख टिपा. नोटीस कधी लागली, कुणी सांगितलं, कोण हजर होतं. फळ्यावर लावलेल्या नोटिशीचा फोटो काढा.

२. तोंडी आदेशाला लेखी रूप द्या. साहेब लिहून देत नसतील तर तुम्ही लिहा. एक साधा संदेश पुरतो: 'आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे सोमवारपासून माझी पाळी सकाळी सहाची केली आहे. याबाबत लेखी आदेश मिळावा, ही विनंती.' उत्तर आलं नाही तरी तुमची नोंद झाली.

३. जुन्या अटींचा पुरावा गोळा करा. नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, पीएफ पासबुक, हजेरीकार्ड. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी नियुक्तिपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे. नसेल तर हीच मागण्याची वेळ.

४. नुकसान आकड्यांत मांडा. 'त्रास होतो' असं लिहिलेलं कुणी वाचत नाही. 'नव्या पाळीमुळे शेवटची बस चुकते, रोज इतके रुपये रिक्षाला जातात, महिन्याला इतके' असं लिहिलेलं वाचावं लागतं.

५. काम सोडू नका. 'माझी हरकत कायम ठेवून काम करत आहे' हे वाक्य लिहून द्या आणि कामावर जा. जिवाला धोका असेल, यंत्राचं सुरक्षा-आवरण काढलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे धोका लेखी कळवून बाजूला व्हा.

यंत्राच्या हजेरीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण त्याच्या तक्रारी वाढत चालल्या आहेत. मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. डोंगरात, जंगलालगत जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे काम होऊनही हजेरी चढत नाही, आणि मजूर मेटवर, म्हणजे हजेरी घेणाऱ्यावर, संतापतात. मेटही त्यांच्याच गावचा किंवा गावची. अशा वेळी मेटशी भांडून मजुरी परत येत नाही. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी कळवा: कामाचं ठिकाण, मजुरांची नावं, फोटो चढला नाही ती वेळ. खाली मेटचीही सही घ्या. तो तुमचा साक्षीदार आहे. खासगी ठिकाणी यंत्र बिघडलं तर तासाभरात सुपरवायझरला संदेश पाठवा. चुकीने कापलेल्या मजुरीसाठी वेतन संहितेखाली तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, पण तीन वर्षांनी त्या दिवशीचा पुरावा तुमच्या त्या संदेशाशिवाय दुसरा नसेल.

रोष सोबत्यावर निघतो तेव्हा

६ डिसेंबर २०२१ रोजी निघालेला तेलंगणा सरकारचा ३१७ क्रमांकाचा आदेश शिक्षक आणि सरकारी कर्मचारी विसरणार नाहीत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले होते: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. नव्या विभागरचनेनुसार कर्मचाऱ्यांची या जिल्ह्यांत कायमची वाटणी ज्येष्ठतेच्या आधारे झाली. ज्येष्ठांना हवा तो जिल्हा मिळण्याची शक्यता जास्त, कनिष्ठांना उरेल तो. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या. म्हातारे आईवडील तिसऱ्या गावी. राज्यभर निदर्शनं झाली, लोक न्यायालयात गेले, २०२४ मध्ये नव्या सरकारला मंत्रिमंडळाची उपसमिती नेमावी लागली.

पण रोजच्या शिक्षकखोलीत काय झालं? ज्येष्ठ विरुद्ध कनिष्ठ, पती-पत्नी एकत्रीकरणवाले विरुद्ध बाकीचे, असे तट पडले. ज्यांनी आदेश काढला ते त्या खोलीत नव्हतेच. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार, चालक आणि वाहक, जुने कारकून आणि संगणक शिकलेली नवी मुलं यांच्यातही असंच होतं.

हे टाळायचं असेल तर अर्ज एकत्र करा, आणि त्यात एकमेकांविरुद्ध जाणारं काही मागू नका. 'कनिष्ठांना तिकडे पाठवा' असं मागू नका. 'ज्येष्ठतेची यादी लावा, हरकतींना मुदत द्या, आजारपण आणि पती-पत्नी प्रकरणं आधी निकाली काढा' असं मागा. पद्धत न्याय्य असावी, या मागणीवर दोन्ही गटांच्या सह्या होऊ शकतात.

तक्रार कुठे आणि किती दिवसांत?

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्यात जास्तीत जास्त दहा सदस्य, निम्मे कामगारांचे, आणि स्त्री कामगारांना त्यांच्या प्रमाणात जागा. तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षात अर्ज द्या. समितीने ३० दिवसांत निर्णय करायचा आहे. तो पटला नाही तर ६० दिवसांत, तुम्ही ज्या संघटनेचे सदस्य आहात तिच्यामार्फत, समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. समितीच नसेल तर ती स्थापन करा, हीच पहिली लेखी मागणी ठेवा.

त्यापुढची पायरी म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचं कामगार खात्याचं कार्यालय. खाणी, रेल्वे, बँका इथल्या वादांसाठी केंद्राची कामगार यंत्रणा आहे, म्हणून कार्यालय कोणतं ते आधी विचारून घ्या. समेट अधिकारी दोन वर्षांपेक्षा जुना वाद हाती घेऊ शकत नाही. समेट झाला नाही तर त्याच्या अहवालानंतर ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि कामावरून काढलेल्या एकट्या कामगारालाही ही वाट खुली आहे. समेटाची कार्यवाही चालू असताना, त्याच वादाशी संबंधित अटी मालकाने परस्पर बदलायच्या नसतात. म्हणून कार्यालयात लवकर जाण्यात अर्थ आहे.

दर सोमवारी कलेक्टर कचेरीत 'प्रजावाणी' भरते. तिथे अर्ज देता येतो, पण तो कामगार कार्यालयातल्या अर्जाची जागा घेत नाही. दोन्हीकडे द्या, दोन्हीकडची पोच ठेवा.

संपाचा विचार असेल तर

५ ऑक्टोबर २०१९ ला तेलंगणा राज्य परिवहनचे सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले. महामंडळ सरकारात विलीन करा ही मुख्य मागणी, एकूण मागण्या २६. सरकारने दिलेल्या मुदतीत जे आले नाहीत त्यांनी स्वतःच नोकरी सोडली, अशी भूमिका मुख्यमंत्र्यांनी घेतली. पगार थांबले, काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला. सुमारे ५२ दिवसांनी विलीनीकरण न मिळताच संप मागे घेतला गेला. त्यानंतर डिसेंबरमध्ये संपकाळाचा पगार मिळाला आणि निवृत्तीचं वय ५८ वरून ६० झालं, पण डेपोंमधल्या संघटनांची जागा कल्याण समित्यांनी घेतली. विलीनीकरणाचा कायदा विधानसभेने केला तो ऑगस्ट २०२३ मध्ये.

पैनगंगेच्या दुसऱ्या बाजूला एसटीचा संप ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झाला आणि २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू व्हा, या उच्च न्यायालयाच्या आदेशाने संपला. तिथेही विलीनीकरण मिळालं नाही. दोन्ही संपांत कर्मचाऱ्यांच्या वेदना खऱ्या होत्या. पण पहिल्या दिवशीच सगळ्यात मोठी मागणी अट म्हणून मांडल्यावर मधल्या, मिळू शकणाऱ्या मागण्यांवर बोलायला जागा उरली नाही. मे २०२५ मध्ये तेलंगणात परिवहन संघटनांनी पुन्हा संपाचा इशारा दिला. या वेळी मंत्र्यांशी बोलणी होऊन अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि संप पुढे ढकलला गेला.

आता नियम आणखी कडक आहेत.

- कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते, आणि ती ६० दिवसांपर्यंतच चालते.
- समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही.
- निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो.
- बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.
- दहा किंवा अधिक जण नोटीस न देता, संगनमताने गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापली जाऊ शकते.

'उद्या कुणीच यायचं नाही' असा निरोप रात्री मोबाइलवर फिरवण्याआधी ही यादी गटात वाचून दाखवा.

मालक बदलला, किंवा दार बंद झालं

कागजनगरची सिरपूर पेपर मिल सप्टेंबर २०१४ मध्ये बंद पडली. दिवाळखोरी कायद्याच्या प्रक्रियेतून ती २०१८ मध्ये जेके पेपरकडे गेली आणि पुन्हा सुरू झाली. मधली चार वर्षं त्या गावाने कशी काढली, हे तिथल्या कोणत्याही घरात विचारा. आदिलाबाद शहराजवळचा सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना मात्र १९९८ पासून बंद आहे. तो सुरू व्हावा ही मागणी निवडणुकांमागून निवडणुकांत होत राहिली.

अशा वेळी काय पाहायचं?

मालकी बदलताना तुमची नोकरी अखंड धरली गेली, अटी आधीपेक्षा कमी झाल्या नाहीत, आणि पुढे कपात झाल्यास भरपाई जुन्या वर्षांसकट मोजण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, तर हस्तांतराची भरपाई मिळत नाही. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर नोटीस आणि कपातीइतकी भरपाई मागता येते. म्हणून नव्या मालकाच्या पहिल्या कागदावर सही करण्याआधी 'रुजू होण्याची तारीख' या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. नवी तारीख घातली असेल तर तिथेच थांबा.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर वृत्तपत्रात जाहीर सूचना निघते. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी यांचा दावा त्या सूचनेतल्या मुदतीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाखल करावा लागतो. कंपनीच्या वह्यांत आपलं नाव आहेच, या भरवशावर बसू नका. कंपनी अवसायनात गेलीच, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळायची ठरलीच, तर कामगारांच्या मागच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या बरोबरीचा मान आहे.

कपात होत असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदली पगार, आणि सलग सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार हा तुमचा हक्क. साधारणपणे शेवटी आलेल्याला आधी काढायचं असतं, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना प्राधान्य. ३०० किंवा अधिक कामगार असतील तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. नोकरी कशीही संपली तरी मजुरीचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पुरा व्हायला हवा.

सरकारी नोकरीत असाल तर

वर सांगितलेली २१ दिवसांची नोटीस तुम्हाला लागू नाही. तुमचा आधार सेवानियम, खात्याकडे दिलेलं निवेदन आणि न्यायालय. गावोगावच्या महसूल अधिकाऱ्यांचं काय झालं ते डोळ्यांसमोर ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा करून व्हीआरओची पदंच रद्द केली. माणसं पगारावर राहिली, पण त्यांना निश्चित काम नव्हतं. २०२२ मध्ये त्यांना इतर खात्यांत वाटण्यात आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने गावपातळीवर पुन्हा अधिकारी नेमले, त्यांत जुन्या व्हीआरओंचा आणि व्हीआरएंचा (गावच्या महसूल सहायकांचा) भरणा होता. पद जाऊन पाच वर्षांत वेगळ्या नावाने परत येऊ शकतं. त्या मधल्या काळात ज्यांनी सेवापुस्तक, ज्येष्ठतेची नोंद, वेतनश्रेणीचा आदेश जपून ठेवला, त्यांना आपला दावा मांडणं सोपं गेलं. तुमचं सेवापुस्तक शेवटचं कधी पाहिलंत?

ज्यांच्या हातात बदल करणं आहे त्यांच्यासाठी

जिनिंगचे मालक, मुख्याध्यापक, डेपो व्यवस्थापक, दुकानदार हेही हा लेख वाचतील. तुम्हाला सांगायचं ते थोडक्यात असं. हंगाम ऐन भरात असताना, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या असताना नवी पद्धत सुरू करू नका. नोटीस तेलुगूबरोबर मराठीतही लावा. एका कागदाचा खर्च आहे. नव्या यंत्राचा पहिला महिना चाचणीचा ठेवा आणि त्या महिन्यात यंत्राच्या चुकीने कुणाचा पैसा कापू नका. आणि मुकादमाच्या तोंडून निरोप पाठवण्यापेक्षा स्वतः पंधरा मिनिटं माणसांसमोर उभे राहा.

हे करू नका

- रागाच्या भरात राजीनामा लिहू नका. राजीनामा दिला की कपातीची भरपाई गेली.
- कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका.
- न कळवता गैरहजर राहू नका; 'काम सोडून गेला' असं दाखवायला ते पुरतं.
- साहेबाला शिवीगाळ किंवा गटात बदनामीचा मजकूर नको. मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि चौकशी तुमच्या वागण्याची सुरू होते.
- यंत्र बंद पाडू नका, वायर काढू नका.
- मूळ कागद कुणालाही देऊ नका, अगदी संघटनेच्या माणसालाही, झेरॉक्स द्या.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, या विचाराने पुष्कळ जण कामगार कार्यालयाच्या पायरीवरूनच परत फिरतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. आदिलाबादच्या न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करा. जाताना नोटिशीचा फोटो आणि पगाराची शेवटची पावती सोबत ठेवा.